बायबलात नाताळ शोधायला गेलं तर

बायबलात सणांची यादी आहे, आणि चांगली तपशीलवार आहे. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा तेविसावा अध्याय उघडला की पंचांगच हातात येतं. पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी तिन्हीसांजेला वल्हांडण. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस बेखमीर भाकरी. मग नव्या पिकाची पहिली पेंढी देवाला. तिथून मोजत पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण. सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कर्णे फुंकायचे, दहाव्या तारखेला प्रायश्चित्ताचा कडक उपास, पंधराव्यापासून मंडपांचा सण. काम कधी बंद ठेवायचं, अर्पण काय आणायचं, सगळं लिहिलेलं. या यादीत नाताळ नाही, ईस्टर नाही, लेंटचा उपास नाही. असणार तरी कसं? यादी येशूच्या जन्माआधी कित्येक शतकं लिहिलेली, आणि ती इस्राएल लोकांना दिलेली.

ही यादी पाळणारी माणसं आमच्याच किनाऱ्यावर राहत होती. गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला लागले, असं इथल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायल लोकांची, परंपरा सांगते. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांचं नाव ‘शनवार तेली’ पाडलं. सणांची नावं त्यांनी मराठीतच ठेवली. वर्षाच्या पहिल्या दिवसाला ‘नव्याचा सण’, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं म्हणून ‘दारफाळणीचा सण’. म्हणजे लेवीयमधल्या सातव्या महिन्याची पहिली (ज्यूंचं नवं वर्ष तेव्हा सुरू होतं) आणि दहावी तारीख. तिथून एसटीने तासा-दीड तासावर, कुंडलिका खाडीच्या तोंडाशी, आमचं रेवदंडा आणि पलीकडचं कोर्लई. इथे आम्ही ख्रिस्ती, आमचे नाताळ आणि फेस्त, म्हणजे चर्चच्या संताचा सण. अर्धा धर्मग्रंथ दोघांचा एकच, कॅलेंडर मात्र वेगळं.

हे सगळं मी नीट उघडून बघितलं ते भाचीमुळे. ती पुण्याला नोकरी करते. तिथल्या एका प्रार्थनागटात तिला कुणीतरी सांगितलं की नाताळ हा सूर्यपूजक रोमनांचा सण आहे, बायबलाशी त्याचा संबंध नाही. डिसेंबरात घरी आली ती ओट्यापाशी उभी राहिली, पण नेवऱ्यांना हात लावीना. आजी काही बोलली नाही, फक्त तिच्या वाटच्या पाऱ्या माझ्यापुढे सरकवल्या. “मामा, बायबलात नाताळ कुठाय ते दाखव,” असं भाचीचं म्हणणं. मी दाखवायला गेलो आणि अडकलो, कारण ‘बायबलात आहे का’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न निघाले. ज्या घटनेचा सण करतो ती घटना बायबलात आहे का? ती दरवर्षी पाळा अशी आज्ञा आहे का? आणि तारीख दिलेली आहे का? भांडणाऱ्यांपैकी एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं.

नाताळापासून सुरुवात करू. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. चौलच्या खाडीवर त्यांनी १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली, आणि त्यांच्या ‘नाताल’चा, म्हणजे ‘जन्मा’चा, आपण नाताळ केला. जन्म बायबलात आहेच. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, तो येतो, मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. लूक सांगतो की बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती, आणि त्याच रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना बातमी मिळाली. महिना नाही, तारीख नाही. ‘हा दिवस पाळा’ असंही कुठे नाही.

मेंढपाळ रात्री उघड्यावर होते, म्हणजे थंडी नसणार, म्हणजे डिसेंबर नसणार, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मला तो फारसा पटत नाही. भात कापून झालं की घाटावरचे धनगर कोकणात उतरतात आणि ऐन थंडीत आमच्या शेतांत मेंढरं बसवतात. बेथलेहेमची थंडी आमच्यापेक्षा बोचरी, पावसाचीही, पण कळप बारा महिने गोठ्यातच कोंडतात असं तिथेही नव्हतं. यावरून डिसेंबर सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

मग २५ डिसेंबर आला कुठून? पहिल्या दोन-अडीच शतकांत ख्रिस्ती लोकांना या जन्मदिवसाची फारशी फिकीर नव्हती. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन तर म्हणायचा की बायबलात वाढदिवस साजरे करतात ते पापी लोक. त्याचं म्हणणं शब्दशः बघितलं तर चूक नाही: उत्पत्तीत फारोचा वाढदिवस आहे, त्या दिवशी आचारी फासावर जातो, आणि मत्तयमध्ये हेरोदाचा, त्या दिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकातून येतं. साधारण २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने लोक जन्माच्या कोणकोणत्या तारखा सांगतात ते नोंदवलंय. त्यांत मे महिना आहे, एप्रिल आहे. २५ डिसेंबर नाही.

ही तारीख पहिल्यांदा ठसठशीत दिसते ती रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगसंग्रहात. त्यातली नोंद ३३६ च्या सुमाराची मानतात. याच संग्रहात दुसऱ्या पानावर २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, जन्मदिवसही आहे. या सूर्याचं मोठं मंदिर सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये उभारलं होतं. रोमन दिनदर्शिकेत हा दिवस दक्षिणायन संपण्याचा, उजेड वाढू लागण्याचा. भाचीच्या गटाचं म्हणणं इथून येतं, आणि ते हवेतलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसरा एक हिशेब त्याच काळात चालू होता. येशूला क्रुसावर दिलं ती तारीख पश्चिमेकडच्या लोकांनी २५ मार्च धरली होती. थोर पुरुष ज्या दिवशी गर्भात येतो त्याच दिवशी जग सोडतो, अशी समजूत. २५ मार्चला गर्भधारणा, तर पुढे नऊ महिने मोजा: २५ डिसेंबर. बिशप ऑगस्टीनने हा हिशेब लिहून ठेवलाय. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत, आणि तिकडचा जुना जन्मोत्सव ६ जानेवारीचा. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं. दोन्हीकडे बरोबर नऊ महिन्यांचं अंतर निघतं, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. सूर्याचा सण उचलला की नऊ महिने मोजले, यावर इतिहासाचे अभ्यासक अजून वाद घालतात. ‘नाताळ म्हणजे चोरलेला सण’ हे वाक्य पुराव्यापेक्षा मोठं आहे, एवढं मी भाचीला सांगितलं. आणि आजीला हेही सांगावं लागलं की ही तारीख माणसांनी ठरवलेली आहे.

ईस्टरची गोष्ट वेगळी. खरं तर सगळ्यांत भक्कम पाया याचाच, पण गर्दी नाताळाला होते. येशूचं मरण आणि पुनरुत्थान चारही शुभवर्तमानांत आहे, आणि कधी घडलं तेही आहे: वल्हांडणाच्या वेळी. म्हणजे लेवीयच्या यादीतला पहिला सण. वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणं. इजिप्तमध्ये ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त होतं ती घरं मरणाने ओलांडली, अशी निर्गम पुस्तकातली कथा. शेवटच्या भोजनात येशूने भाकर मोडली आणि ‘माझ्या आठवणीसाठी हे करा’ म्हटलं. पुढे प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की ख्रिस्त हाच आपला वल्हांडणाचा यज्ञ, म्हणून आपण सण पाळू या. आज्ञेच्या सगळ्यांत जवळ जाणारी जागा हीच. तरीही वर्षातून एकदा, अमुक रविवारी, असं तिथे लिहिलेलं नाही.

नेमक्या दिवसाबद्दल तर शुभवर्तमानांतच मेळ नाही. मत्तय, मार्क, लूक वाचले तर शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं जेवण. योहान वाचला तर वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच येशूला क्रुसावर देतात, जेव्हा मंदिरात कोकरं कापली जात होती. जुन्या चर्चमध्ये यावरून खरंच तट पडले. आशिया मायनरचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, लोक चौदाव्या तिथीलाच सण करत, वार कोणताही असो. रोमचे म्हणत, रविवारच हवा, कारण पुनरुत्थान रविवारी झालं. साधारण १५५ साली तिकडच्या स्मुर्णाचा वृद्ध बिशप पोलिकार्प रोमला जाऊन बिशप अनिसेटसला भेटला. दोघांनी एकमेकांचं ऐकलं नाही, पण एकत्र प्रार्थना केली आणि सलोख्याने निरोप घेतला. पन्नास वर्षंही झाली नाहीत तोच दुसरा एक रोमचा बिशप, व्हिक्टर, त्याच मुद्द्यावर आशियाच्या मंडळींना वाळीत टाकायला निघाला. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा.

नियम असा रुळला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघा, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. आपल्याकडे हे समजावणं सोपं जातं, कारण तिथी आणि वार दोन्ही सांभाळायची सवय आहे. ज्यू पंचांगही चांद्र-सौर आहे, त्यातही एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो. म्हणून ईस्टर कधी होळीच्या पौर्णिमेला चिकटतो, कधी हनुमान जयंतीला. २०२४ साली शिमगा झाला आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२६ चा ५ एप्रिलचा ईस्टर हनुमान जयंतीनंतर तीनच दिवसांनी. २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर तो कधीच जात नाही. ऑर्थोडॉक्स लोक जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर मोजतात, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुतेकदा नंतर येतो. २०२५ साली २० एप्रिलला दोन्ही एकत्र आले होते.

आमच्या होडीवाल्यांना यातली एक गोष्ट न सांगता कळते. पवित्र आठवडा कायम पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे उधाणाच्या आसपास. यावरून आणखी एक: क्रुसावर असताना भरदुपारी अंधार पडला असं शुभवर्तमान सांगतं, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की सूर्यग्रहण असेल. ग्रहण कसं असेल? सूर्यग्रहण अमावास्येला लागतं.

ईस्टरच्या आधीचा लेंट, म्हणजे उपवासकाळ. चाळीस हा आकडा बायबलातला: येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला. पण शिष्यांनी दरवर्षी चाळीस दिवस उपास करावा असं त्याने कुठे सांगितलं नाही. चौथ्या शतकात हा काळ रुळलेला दिसतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजा, दिवस सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे, म्हणून उपासात धरत नाहीत, तेव्हा चाळीस. पश्चात्तापाला राख अंगावर घेणं योना आणि ईयोब या पुस्तकांत आहे. गंमत म्हणजे त्या बुधवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मत्तयचा सहावा अध्याय वाचतात, ज्यात येशू म्हणतो की उपास कराल तेव्हा लोकांना दाखवू नका, तोंड धुवा. हे ऐकायचं आणि लगेच रांगेत उभं राहून कपाळाला राख लावून घ्यायची. लहानपणी मी फादरना हे विचारलं होतं. त्यांनी हसून कपाळावर अंगठा टेकवला.

ती राख झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारची, असते. आदल्या वर्षी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वाळवून जाळतात. यरुशलेमेत येशूचं स्वागत झालं ते मत्तय, मार्क, लूक, योहान चौघेही सांगतात. झावळ्यांचं नाव एकटा योहान घेतो, आणि त्या खजुरीच्या. लूक तर फांद्यांचंही बोलत नाही, लोकांनी वाटेवर कपडे पसरले एवढंच. इथे खजूर कुठली? आम्ही माडाची झाप फाडून क्रूस विणतो.

आगमनकाळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नाताळापूर्वीचे चार रविवार, पहिला ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा. ही पूर्णपणे चर्चने बसवलेली घडी आहे, मिलानमध्ये तर तो सहा आठवड्यांचा असतो. पेन्टेकॉस्ट मात्र थेट बायबलातून येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पवित्र आत्मा उतरतो तो दिवस म्हणजे लेवीयचा पन्नासावा दिवस, सप्ताहांचा सण.

आता भाचीच्या बाजूचं सगळ्यांत जोरदार हत्यार. पौल गलतीकरांना लिहितो: तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळत बसलात, माझे कष्ट वाया गेले की काय अशी मला भीती वाटते. वाचल्यावर कुणालाही वाटेल की विषय संपला. पण त्या पत्रातलं भांडण वेगळं आहे. ज्यू नसलेल्या नव्या विश्वासूंना काहीजण सांगत होते की सुंता करा, ज्यू नियम पाळा, नाहीतर तुमचं तारण अर्धवट. पौलाचा राग त्या सक्तीवर आहे. तोच पौल पेन्टेकॉस्टला यरुशलेमेत पोहोचायची घाई करतो, हे कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. कलस्सैकरांना तो लिहितो की खाणंपिणं, सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कुणालाही तुमचा न्याय करू देऊ नका. आणि रोमकरांना: एकजण एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. हे वाक्य नाताळ न करणाऱ्याच्या कामाचं आहे तेवढंच करणाऱ्याच्याही.

‘पुस्तकात आज्ञा नाही तर सणही नाही’ असं म्हणून खरंच तसं वागणारे लोक झाले. इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, पार्लमेंटने १६४७ साली नाताळ आणि ईस्टर रद्द केले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ मध्ये गेला. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली थेट १९५८ साली. आणि कोकणात सुरुवातीला प्रॉटेस्टंट मिशन आणणाऱ्यांत कोण होते? १८२० च्या दशकात बाणकोट आणि हर्णैला आलेले स्कॉटिश मिशनरी. म्हणजे एकाच किनाऱ्यावर रेवदंड्याला फेस्त करणारे आणि हर्णैला नाताळ नसलेल्या चर्चमधून आलेले, दोघांच्या हातात बायबल. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक आजही नाताळ आणि ईस्टर करत नाहीत. वर्षातून एकच दिवस पाळतात, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला येशूच्या मरणाचा स्मरणविधी. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण त्यांचा हिशेब चोख आहे हे मान्य करावं लागतं.

माझं मन ज्या ओळीने वळलं ती योहानच्या दहाव्या अध्यायात आहे. हिवाळा होता, यरुशलेमेत मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण चालू होता, आणि येशू मंदिराच्या ओसरीत फिरत होता. हा सण म्हणजे हनुक्का. लेवीयच्या यादीत तो नाही. येशूच्या जन्माआधी दीडेकशे वर्षं, एका युद्धानंतर मंदिर शुद्ध करून घेतलं, त्या आठवणीसाठी लोकांनी सुरू केलेला. देवाची आज्ञा नसलेला, माणसांनी घातलेला सण. अमुक रूढी माणसांच्या आहेत म्हणून परुशी पंथाच्या लोकांना खडसावणारा येशू या सणाबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही. एस्तेरच्या पुस्तकात पुरीम सणही असाच माणसांनी ठरवलेला आहे. आमच्या नवगावकरांचे पूर्वज इतक्या आधी निघाले की त्यांना हनुक्का ठाऊकच नव्हता, असं त्यांच्याकडे सांगतात.

उलटंही होतं. मुंबई-ठाण्याकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. नव्या भाताची कणसं वाजतगाजत देवळात नेतात, फादर आशीर्वाद देतात. आगेरा हे नाव बायबलात कुठेही सापडणार नाही, पण पहिली पेंढी देवापुढे आणण्याची लेवीयमधली आज्ञा अक्षरशः पाळणारा सण आम्हा ख्रिस्ती लोकांत बघायचा तर मला तोच दिसतो.

हे सगळं ऐकून भाचीने पुण्याचा गट सोडला नाही, आणि मी सोड म्हटलंही नाही. पण ती घरात मांडलेला नाताळचा गोठा बघायला वाकली आणि एकेक वस्तू तपासू लागली. गव्हाणी लूकमध्ये आहे. मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव? शुभवर्तमानांत नाहीत. जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायात आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाणी ओळखतं, तिथून ते आत शिरले. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गोठा मांडला तेव्हा जिवंत बैल-गाढव आणले होते. आमचा बैल मातीचा, वशिंड असलेला, पेणच्या बाजारातून आणलेला. आणि तीन राजे? मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, पूर्वेकडचे ज्ञानी म्हणतो. किती होते तेही सांगत नाही, भेटी तीन होत्या एवढंच. शिवाय ते गोठ्यात आलेच नाहीत. तारा थांबला तो घरावर, आणि तोवर काही काळ लोटला होता. त्यांच्या येण्याचा पारंपरिक सण ६ जानेवारीचा.

भाचीने तिघांना उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं. आजीने विचारलं, तिथे कशाला? ती म्हणाली, अजून वाटेत आहेत, सहा जानेवारीला पोहोचतील.